गिरजाबाईंचा उघड्या गळ्याचा कोट

एका सकाळी माझ्या दुकानात एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची लेक आली. गृहस्थांच्या हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेली काळी शेरवानी होती. "याचा कोट करायचाय," ते म्हणाले. मी लगेच टेप काढला आणि त्यांची छाती मोजली, पोट मोजलं, पोट परत एकदा मोजलं, कारण पहिल्या खेपेला माझा विश्वास बसला नाही. मग खांदा, बाही, गळा, उंची. बिचारे हात वर करा म्हटलं की वर करत होते, श्वास सोडा म्हटलं की सोडत होते. जन्मभर कचेरीत हुकूम पाळलेला माणूस. मी पेन्सिल कानावर ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग आता हिचं घ्या. कोट हिला करायचाय."

लेक भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीकडं बघत उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मला खांदे आधी दिसतात, माणूस नंतर.

एका मासिकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं की, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती कुठल्या? मांडी घालून बसून गुडघे गेले, मशीन चालवून पोटऱ्या गेल्या, आणि आता सुईत दोरा ओवायला पोरीला हाक मारावी लागते. या धंद्यात माणूस दिवसभर दुसऱ्यांची अंगं बघतो आणि संध्याकाळी स्वतःच्या अंगाला वैतागतो. पण हा कोट मात्र विसरलो नाही. त्यात माझी शोभा झाली म्हणून असेल.

तेव्हा आमच्याकडं निजामाचा अंमल होता. गावाचं सरकारी नाव उस्मानाबाद, पण बाजारात सगळे धाराशिवच म्हणत. महायुद्ध चालू होतं आणि गरम कापड दिसेनासं झालं होतं. सोलापूरहून आणावं, तर हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाले गाठोडं सोडून एकेक वार हाताळत बसत. म्हणून जुनं उसवून नवं करायची कामंच जास्त यायची. नवं शिवताना माणसाला थोडी तरी उमेद असते. उसवताना नुसती मान दुखते.

ते गृहस्थ म्हणजे शिवलिंगप्पा. तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून होते, नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. गाव त्यांना अप्पा म्हणे. ते कचेरीत उर्दू बोलत, बाजारात मराठी आणि रागावले की कानडी. लेक गिरजाबाई. लहान वयात नवरा गेला, बापाकडं परत आली, शिकली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. घरात दोघंच.

"कोट कशासाठी?" मी विचारलं. तेव्हा आमच्याकडं बाईमाणसाचा कोट म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या अंगावर दिसला तर दिसला.

गिरजाबाईंनी सांगितलं. भूमच्या मुलींच्या शाळेला मुख्य बाई नेमायची होती. त्यासाठी हैदराबादला मोठ्या साहेबांसमोर जायचं, सवालांना जवाब द्यायचे आणि त्यांच्यादेखत फळ्यावर धडा द्यायचा. आदल्या साली त्या जाऊन आल्या होत्या.

"मास्तर, तो धडा मी एका हातानं दिला," त्या म्हणाल्या. "दुसरा हात पदर धरण्यात गुंतला होता. वरून शाल. खडू पडला. उचलायला वाकले तर शाल एकीकडं, पदर एकीकडं. मी गडबडले. साहेबांनी शेरा लिहिला, बाई घाबरट आहे, हिच्यानं शाळा सांभाळणं व्हायचं नाही." जरा थांबून म्हणाल्या, "मी घाबरट नाही. मला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, एवढंच. दोनदा नापास झालेल्याला तिसऱ्यांदा बोलावत नाहीत."

दहा दिवसांनी त्यांना येडशीहून छोट्या रुळांची आगगाडी धरायची होती. कापड एवढंच, अप्पांची शेरवानी. कापताना चुकलं तर दुसरं मिळायचं नव्हतं.

आता थोडं धंद्याचं सांगतो. पुरुषाचा कोट म्हणजे खोकं. खांद्यापासून खालपर्यंत सरळ, मधे पोट आलं तर तेवढं सांभाळायचं. बाईचा कोट तसा करून चालत नाही. तो खांद्यावर बसला पाहिजे, कमरेला अंगाजवळ आला पाहिजे आणि त्याखाली पुन्हा सैल सुटला पाहिजे. त्यासाठी कापडाला आतून चिमटा काढून शिवतात, त्याला आम्ही टक म्हणतो. यातलं पहिलं खांद्याचं. खांदा चुकला की खाली काही करा, कोट खुंटीवर टांगल्यासारखाच दिसणार. गिरजाबाई वरून अरुंद होत्या, कमरेखाली भरलेल्या. त्यात लहानपणापासून घागरी वाहून उजवा खांदा बोटभर उतरलेला. अशा अंगाला खांद्यात थोडा कापूस भरायचा, उतरल्या बाजूला जास्त, आणि कोटाची खालची कड जिथं अंग सगळ्यांत रुंद तिथं संपू द्यायची नाही. एक तर वर ठेवायची, नाही तर खाली न्यायची. नेमकी तिथं कड आली की बघणाऱ्याची नजर तिथंच थांबते.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला पुरुषाचा बंद गळ्याचा कोट येत होता, आणि बाईचा म्हणजे तोच जरा लहान, असा माझा समज होता.

बायकांची मापं मी घेत नसे. तशी रीतच नव्हती. चोळी शिवायची तर जुनी चोळी मापाला येई. कोटाला जुना कोट कुठून आणायचा? अशा वेळी आमची ही माप घेई. हिचं नाव सोनाबाई. दुकानामागंच आमचं घर, मधे चादरीचा पडदा. हिला टेपवरचे आकडे वाचता येत नसत, म्हणून ती सुतळीनं मोजून गाठी मारी. छातीला एक गाठ, कमरेला दोन, त्याखालच्या घेराला तीन. हिची गाठ कधी चुकली नव्हती. माझी पेन्सिल चुकायची.

गिरजाबाई पडद्याआड गेल्या. मी अप्पांना बाकावर बसवलं आणि अप्पांवर छाप पडावी म्हणून बाहेरून हुकूम सोडू लागलो.

"गळ्यातलं सगळं बाजूला काढायला सांग! दागदागिने मापात धरू नको!"

आतून ही म्हणाली, "अवो, पर यांच्या गळ्यात..."

"सगळं म्हंजे सगळं! मला शिकवू नको."

आत जरा कुजबूज झाली. मग हिचा आवाज, "बाई, श्वास सोडा की. मी काय खात न्हाय तुमाला." आणि गाठी मारलेली सुतळी पडद्याखालून बाहेर आली.

तीन दिवस मी शेरवानी उसवली. उसवलेला कपडा माणसाची चुगली करतो. डावं कोपर झिजलेलं, कारण अप्पा मेजावर डावं कोपर टेकून लिहीत. मानेजवळ तेलाचा डाग. छातीवर आतून एक चोरखिसा आणि त्यात सुपारीचं खांड. बाहेरचा काळा रंग उडून विटका झाला होता, पण आतली बाजू अजून जशीच्या तशी. मी कापड उलटवून घेतलं. उलटवलं की डावीकडची काजं उजवीकडं जातात, आणि बायकांच्या कोटाची काजं उजवीकडंच असतात. जुनीच काजं वापरता येतील म्हणून मी स्वतःवर खूष झालो. जुन्या पुढच्या कडा तशाच ठेवल्या आणि सुतळीच्या मापानं बाकीचं कापलं.

सहाव्या दिवशी कच्च्या टाक्यांवर कोट तयार झाला. गिरजाबाई आणि अप्पा आले. गिरजाबाईंनी साडीवर कोट चढवला. मी मागून बघितलं तर पाठ सुरेख बसलेली. "आता लिहून दाखवा," म्हटलं आणि कापडावर खुणा करायचा खडू दिला. फळा नव्हता, दुकानाच्या दाराच्या फळ्या होत्या. त्यांनी त्यावर क, ख, ग काढलं. बाही जरा ओढली, पण निभावलं.

"झकास!" मी म्हटलं.

"तिथं उर्दूत लिहायचंय," गिरजाबाई म्हणाल्या आणि दाराच्या उजव्या कोपऱ्याकडं हात लांब करून त्यांनी सुरुवात केली. उर्दू उजवीकडून लिहितात. हात तिकडं गेला आणि अख्खा कोट त्याच्यामागं निघाला. काखेतले टाके करकरले, खांदा कानाला लागला. त्या वळल्या तेव्हा समोरचं दिसलं. गळ्याची गुंडी लागत नव्हती. त्याखालच्या दोन लागल्या होत्या, पण मधे फट पडून आत काहीतरी टोचल्यासारखं वर आलं होतं.

गिरजाबाईंच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी होती ती.

ही मंडळी लिंगायत. गळ्यातलं लिंग अंघोळीलासुद्धा उतरवत नाहीत. मग ते मापात आलं कसं नाही? मला तर दोन बोटं कमी दिसत होती. कापड कापून झालेलं, चार दिवस उरलेले. माझं डोकं तापलं.

"अगं ए!" मी पडद्याकडं बघून ओरडलो. ही पिठाचे हात घेऊन दारात आली. "माप घेतलंस का झोपा काढल्यास? चार वर्षं शिकवतोय, अजून एक धड गाठ मारता येत न्हाय! बाईंचं वाटोळं केलंस."

ही हात तसेच, खाली बघत उभी राहिली. अप्पा बाकावरून बघत होते.

बोलल्या त्या गिरजाबाई. वर्गात बोलावं तसं, एकेक शब्द सुटा. "मास्तर, यांनी मला डबी हातात वर धरायला लावली होती. म्हणाल्या, देव काढता यायचा न्हाय, पर मालकांचा हुकूम हाय, तेवढा हातात धरा. बाहेरून तुम्हीच ओरडत होतात ना, सगळं म्हणजे सगळं?"

मी खडू उचलला. तो पडलेला नव्हता, तरी उचलला. माणसाला अशा वेळी काहीतरी उचलावं लागतं.

अप्पा उठले. "साकु, साकु," म्हणाले. साकु म्हणजे पुरे; रागावले की ते कानडीवर जात. "गिरजे, शाल घे आन जा. गेल्या साली गेलीस तशीच."

गिरजाबाईंनी कोटाच्या लागलेल्या दोन गुंड्या काढल्या. त्यांचा चेहरा मी पुढं फार वेळा आठवला आहे. राग नव्हता, रडू नव्हतं. पुन्हा तेच, असं वाटून दमलेलं माणूस दिसतं तसा होता.

कोट उतरवायला त्यांनी हात मागं नेले, तेव्हा आमच्या हिनं पदराला हात पुसले आणि ती पुढं आली. "थांबा बाई," म्हणाली. कोटाच्या दोन्ही पुढच्या बाजू तिनं गळ्यापाशी धरल्या आणि कणसाची पानं सोलून मागं घ्यावीत तशा दोन्हीकडं उलट्या वळवल्या. डबी मोकळी झाली. तिच्यावरून पदर नीट सरळ खाली आला आणि कोटाखाली दबून राहिला. मग हिनं कमरेच्या वर, जिथं गिरजाबाई सगळ्यांत बारीक होत्या, तिथं दोन्ही कडा चिमटीत धरल्या.

"इथं एकच गुंडी लावा की," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "वर काय कोंडून ठेवायचंय?"

मी बघत राहिलो. वर मोकळं, कमरेला एक गुंडी, त्याखाली सैल. अरुंद खांद्यांना त्या दोन वळलेल्या पट्ट्यांनी रुंदी आली होती आणि खालचा घेर जड दिसेनासा झाला होता. सोलापूरला एका गोऱ्या साहेबाच्या अंगावर मी असा उघड्या गळ्याचा कोट पाहिला होता, पण तो बाईच्या अंगावर कधी माझ्या डोक्यात आला नव्हता. याला ब्लेझर म्हणतात हे मला परवा परवा, पोरगी कॉलेजात गेल्यावर कळलं.

अप्पांना पटेना. "उघडा गळा? कचेरीत वरची गुंडी उघडी दिसली की आम्ही बोलणी खायचो. हैदराबादेत काय म्हणतील?"

"अप्पा, कचेरीत तुम्ही होतात," गिरजाबाई म्हणाल्या. "आता मी चाललेय." आणि मला म्हणाल्या, "मास्तर, करा."

चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. गळा उघडा वळवला की आतली बाजू बाहेर येते, म्हणून तिथं चांगल्या कापडाची रुंद पट्टी लागते. कापड तर संपलेलं. बाह्यांच्या टोकांचे तुकडे जोडून पट्टी केली आणि सांधा कॉलरखाली लपवला. वळलेल्या पट्टीखाली जुनी काजं आपोआप झाकली गेली. हिच्या त्या दोन हातांनी माझं रफूचं कामही वाचवलं. काखेत सदऱ्याला घालतात तसा चौकोनी तुकडा घातला. शेवटच्या दिवशी गिरजाबाईंनी दार उर्दूनं भरून टाकलं, उजवीकडून डावीकडं. कोट जागचा हलला नाही.

ही रोज माझ्यासमोर चहा ठेवत होती. रोज वाटायचं, आज म्हणू, चुकलं माझं. दोनच शब्द. मग वाटायचं, आधी हे काज करून होऊ दे. काज संपलं, पट्टी संपली, कोट संपला. मी दमलो होतो, असं मी स्वतःला सांगितलं. दमलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी माफ असतात, असा तेव्हा माझा समज होता.

गिरजाबाई आणि अप्पा येडशीला जाणाऱ्या मोटारीत बसले तेव्हा कोट घडी करून बाईंच्या मांडीवर होता. त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आजही अवघड जातं. गावात कोटाचा बोलबाला झाला आणि विचारणाऱ्याला मी सांगू लागलो की, ऐन वेळी मला एक युक्ती सुचली. पानाच्या दुकानात सांगितली, कचेरीच्या कट्ट्यावर सांगितली. हळूहळू तिला तपशील चिकटले. सोलापूरचा गोरा साहेब तर माझा जुना ओळखीचाच होऊन बसला.

त्या नावावर एक वकिलीणबाईही आल्या. "गिरजाबाईंसारखाच हवा," म्हणाल्या, "तसूभर फरक नको." त्यांचे खांदे पहिलवानाला शोभतील असे आणि खाली अंग सडपातळ. मी तसूभर फरक केला नाही. खांद्यात कापूस भरला, रुंद पट्ट्या वळवल्या. त्या कोट घालून बाहेर आल्या तर वकीलसाहेब दारातून दोन पावलं मागं सरकले. आमची ही पडद्याआडून हळूच म्हणाली, "ज्याला कमी त्याला घालावं, ज्याला हाय त्याचं काढावं." कापूस काढला, पट्ट्या अरुंद केल्या, गुंडी जरा खाली घेतली आणि कोट बसला. नंतर किती कोट शिवले, किती पोरींना कोणता बसेल ते सांगितलं, पण हिच्या त्या वाक्यापुढं मला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

महिना-दीड महिन्यानं गिरजाबाई एकट्याच दुकानात आल्या. अंगावर तोच कोट. काम झालं होतं. भूमच्या शाळेच्या मुख्य बाई म्हणून त्या रुजू झाल्या होत्या, बिऱ्हाडही तिकडं नेलं होतं. अप्पा मात्र सामान उतरवताना पडले आणि कमरेला मार बसून अंथरुणावर होते.

"धडा कसा झाला?" मी विचारलं.

"झाला. अर्ध्या फळ्यापर्यंत तर अंगात कोट आहे हेच विसरले होते." मग त्या बाकावर बसल्या आणि माझ्याकडं, न केलेला अभ्यास विचारताना बघतात तसं, बघत म्हणाल्या, "मोटारीतून उतरल्यावर कट्ट्यावर ऐकलं. गळा उघडा करायची युक्ती तुम्हाला सुचली म्हणे."

ही पाण्याचा तांब्या घेऊन पडद्यापाशी उभी होती. पळायला जागा नव्हती आणि खरं सांगतो, पळायचं त्राणही नव्हतं. थाप चालू ठेवायला सुद्धा अंगात जोर लागतो.

"नाही," मी म्हटलं. "युक्ती हिची. मापही हिनं बरोबर घेतलं होतं, हुकूम माझा चुकला. वर मी हिलाच बोललो. माझं चुकलं."

गिरजाबाईंनी मान हलवली, पास केल्यासारखी. हिच्या हातून पाणी घेतलं, तिच्याशी दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलल्या आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाल्या.

त्या गेल्यावर माझ्या अंगावरचं मोठं ओझं उतरलं. मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलेल. निदान चहा तरी ठेवेल. ही तांब्या घेऊन तिथंच उभी. म्हणाली,

"मला बोललात तवा बाप-लेक दोघंबी व्हते. आज कबूल केलंत ते एकट्या लेकीम्होरं. अप्पांकडं जायला भूमची मोटार उद्या सकाळीबी सुटती."